काचेचा दोष

आपली चूक असू शकते, हे या चष्मेवाल्याच्या डोक्यात कधी शिरलंच नाही. उजव्या डोळ्याने धुरकट दिसू लागलं तेव्हा त्याने दोष दिला काचेला. स्वतःच स्वतःचा नंबर काढला, स्वतःच काच घासून बसवली, तेही दोन-तीनदा. दुसऱ्या कुणाला डोळा दाखवा म्हटलं की नाकाला मिरच्या झोंबायच्या! घरात टोकणारंही कुणी नव्हतं. बायको भावाकडे गेली ती परत आलीच नाही. याच्या तिरसटपणाला कंटाळली, असं सगळे म्हणत आणि तोही तेच धरून चालला होता.

डोळा लालबुंद झाला, उजेड सोसवेना, तेव्हा स्वारी मुकाट्याने दवाखान्यात गेली.

डॉक्टरीणबाईंनी थेंब टाकून बाहुली मोठी केली, हनुवटी यंत्रावर टेकवायला लावली आणि बराच वेळ आत पाहिलं. "डोळ्याच्या आत सूज आहे. काच बदलून काय होणार? कारणं पुष्कळ असतात, रक्त तपासू."

रिपोर्ट आले. "सिफिलिस. गरमी म्हणतात ना, तीच. पूर्वी कधी खाली जखम झाली होती? न दुखणारी?"

झाली होती. आपोआप भरली, म्हणून तो विसरूनही गेला होता.

"पाठीतलं पाणी तपासू, मग दोन आठवडे शिरेतून पेनिसिलिन. नजर वाचेल, पण आता उशीर नको. आणि बायकोला कळवा. त्यांनाही तपासायला हवं."

वॉर्डात शेजारच्या खाटेभोवती गोतावळा होता. याच्याजवळचं स्टूल रिकामं. त्याला फार एकटं वाटलं, लाजही वाटली. पण आपल्यापायी तिचे डोळे जाऊ नयेत, एवढंच मनात घोळत होतं. त्याने फोन लावला.

"अगं, तुला रक्त तपासून घ्यावं लागेल. मला..."

"माझं झालंय," ती म्हणाली. "माझं गाठीचं ऑपरेशन झालं ना, त्याच्या आधी रक्त तपासलं तेव्हाच कळलं. इंजेक्शनं घेतली. बरी आहे मी."

"कधी?"

"घर सोडलं त्याच्या आधी. तुम्हीही गुपचूप औषध घेतलं असेल, असंच मला वाटलं."

"मला विचारायचंस तरी!"

"विचारलं असतं, तर तुम्ही माझ्यावरच उलटला असतात."

तिचं खरं होतं. तो उलटलाच असता.