दहावी गोष्ट

रिक्षा थांबायच्या आधीच शालिकरामजींनी मांडीवरचा रेडिओ उचलून छातीशी धरला. रेडिओ जुन्या चादरीत गुंडाळलेला होता आणि चादरीच्या टोकाला त्यांनी गाठ मारली होती.

"बाबूजी, लेकरू आहे का गा आतमधी?" रिक्षावाल्याने हसून विचारलं.

शालिकरामजीही हसले. रिक्षा वळणापलीकडे गेल्यावर एक बरं उत्तर सुचलं, पण त्यांची उत्तरं नेहमी अशीच उशिरा यायची.

बाहेरच्या खोलीत फळीवर त्यांनी रेडिओ ठेवला, चादर सोडली आणि मागच्या दोन तारा जोडल्या. एक छतावरच्या एरियलची, दुसरी मागच्या खिडकीतून बाहेर गेलेली. बटण फिरवल्यावर, केंद्र नीट लागलं की मिटत येणारा काचेतला हिरवा डोळा हळूहळू उजळला. नागपूर लागलं, पण बोलणाऱ्याच्या आवाजाखाली एक जाड घरघर होती. त्यांनी श्वास धरून काटा पुढे, इंदूरच्या खुणेवर नेला. तिथे नुसती खरखर. कुणी अखंड ज्वारी पाखडत बसावं तशी.

दीड तासापूर्वी, अंधार पडल्यावर, रामदासपेठेत रेडिओ दुरुस्त करणाऱ्या ओमप्रकाशच्या दुकानात, याच रेडिओवर इंदूर शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखं ऐकू आलं होतं.

आज सोमवार. उद्या मंगळवारी संध्याकाळी पावणेआठला त्यांची मुलगी नीला इंदूरच्या केंद्रावरून पहिल्यांदा गाणार होती.

तिचं पत्र टेबलावरच्या पुस्तकात खूण म्हणून होतं. ते त्यांना पाठ झालं होतं, तरी त्यांनी ते पुन्हा काढलं. शेवटी तिने लिहिलं होतं, 'बाबा, इथे सगळे चांगलंच म्हणतात. तुम्ही आजवर कधीच काही म्हटलं नाही. या वेळी ऐका आणि जे वाटेल ते खरं लिहा.'

कधीच काही म्हटलं नाही, हे खरं होतं. नीला चौथीत असताना हा रेडिओ घरात आला. ती त्याच्यासमोर उभी राहून गाण्यामागे गाणं म्हणायची आणि शालिकरामजी खुर्चीत पुस्तक धरून बसायचे. गाणं संपेपर्यंत त्यांचं पान उलटत नसे. हे कुणाच्या लक्षात आलं असेल असं त्यांना वाटत नव्हतं आणि ते स्वतःहून सांगायचं कसं, हे त्यांना तेरा वर्षांत उमगलं नव्हतं.

फळीशेजारच्या खिळ्याला एक कार्ड अडकवलेलं होतं. कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त होताना ते कोऱ्या तालिका-कार्डांचा एक गठ्ठा विचारून घेऊन आले होते. त्यांच्या पत्नी वच्छलाबाई तीन आठवड्यांपूर्वी उमरेडला गेल्या. त्यांचे भाऊ मारोतराव बैलगाडीवरून पडून मांडीचं हाड मोडून बसले होते. निघताना बाईंनी घरातली कामं बोटांवर मोजून सांगितली होती आणि शालिकरामजींनी ती कार्डावर उतरवून घेतली होती. दुधाचं भांडं पाण्यात ठेवणे. नळ साडेपाचला येतो, माठ आधी भरणे. मोगऱ्याला पाणी. मांजरीला पोळी. अशा नऊ ओळी, आणि प्रत्येकीपुढे रोजची बारीक खूण.

वच्छलाबाईंनी मात्र दहा बोटं मोजली होती. दहाव्याच्या वेळी शालिकरामजींचा डोळा टेबलावरच्या उघड्या पुस्तकाकडे गेला होता. पुन्हा विचारायची लाज वाटली. 'आठवेल मागाहून', असं त्यांनी तेव्हा मनाशी म्हटलं होतं.

बाई गेल्यावर आठवड्याभरातच रेडिओ बिघडायला लागला. आधी इंदूर गेलं, मग भोपाळ, मग एकेक करून दूरची सगळी केंद्रं. शालिकरामजींनी आपल्या जुन्या ग्रंथालयातून रेडिओ दुरुस्तीचं पुस्तक आणलं, दोन वेळा वाचलं आणि रेडिओ उघडला. आतली धूळ मऊ ब्रशने काढता काढता एक तार तुटली, एक काचेचा व्हॉल्व्ह हातातून निसटला. तेव्हापासून त्यांच्या मनात पक्कं बसलं होतं, की जे काही झालं ते आपल्या हाताने झालं. ओमप्रकाशने सगळे व्हॉल्व्ह बदलले, आतल्या तारा नव्याने ओढल्या. "अब देखो बाबूजी, खोका तेवढा जुना आहे. अंदरसे पूरा नवीन!" असं तो म्हणाला होता. त्यानंतर रेडिओ तीनदा दुकानात गेला. दुकानात गायचा आणि घरी येऊन गप्प व्हायचा.

मंगळवारी सकाळी ते रेडिओ न घेताच दुकानाकडे निघाले. वाटेत त्यांनी वाक्य तयार केलं: 'तुमच्या कामात दोष आहे असं माझं म्हणणं नाही, परंतु एकदा घरी येऊन पाहिलंत तर उपकार होतील.' दुकानात पोचल्यावर त्यातलं 'परंतु' एवढंच तोंडातून निघालं.

ओमप्रकाशने हातातला सोल्डरिंगचा दांडा खाली ठेवला.

"फिर रुसला काय?"

"हो."

"कमाल आहे बाबूजी. माझ्याकडं खुश राहते, तुमच्याकडं तोंड फुगवून बसते. घरी काही बोलले तर नाही त्याले?"

"मी कुणालाच काही बोलत नाही," शालिकरामजी म्हणाले. मग घाईघाईने त्यांनी पत्राची गोष्ट सांगितली, एका दमात, शेवट आधी आणि सुरुवात नंतर अशी.

ओमप्रकाशने समोरचं काम बाजूला सारलं.

"मुलीचं गाणं आहे आणि हे तुम्ही आज सांगून राहिले? चला, तीन वाजता येतो. दुकान काही पळून नाही जात."

तो खरंच तीनला आला. प्रतापनगरच्या कच्च्या रस्त्याने सायकल हाणत, डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळून. बाहेर डांबर वितळेल असं ऊन होतं. त्याने माठातलं दोन पेले पाणी प्यायलं, छतावर जाऊन एरियल हलवून पाहिली, खाली येऊन रेडिओच्या मागे टॉर्च मारला. मग मागच्या खिडकीतून गेलेली तार बोटाने चाचपत तो घराच्या मागच्या अंगणात गेला. शालिकरामजी त्याच्या मागे उभे राहिले, आता आपली कुठली चूक निघते याची वाट बघत.

अंगणात एका बाजूला मोगरा फुलून आला होता. तीन आठवडे त्याला न चुकता पाणी मिळालं होतं. तार मात्र दुसऱ्या कोपऱ्यात, खिडकीखाली जमिनीत पुरलेल्या लोखंडी पाइपाला जोडलेली होती. तिथे काहीच लावलेलं नव्हतं. काळी माती वाळून दगड झाली होती आणि पाइपाभोवती हात जाईल एवढी भेग पडली होती.

ओमप्रकाश उकिडवा बसला. त्याने पाइप धरून हलवला. तो सैल दातासारखा हलला.

"ही अर्थिंग आहे नं? इथं पाणी कोण टाकत होतं?"

"इथे? कुणी नाही. इथे काही झाड नाही."

"झाडाले नाही हो बाबूजी. माती ओली पाह्यजे, तर तार जमिनीले धरते. नाही तर अंदरचं सगळं नवीन करून काय फायदा?" त्याने कपाळावर हात मारला. "आणि हे मी पहिल्याच दिवशी विचाराले पाह्यजे होतं. दुकानात माझी अर्थिंग नळाजवळ आहे, म्हणून तिथं गात होता हा. पण कोणी तरी टाकत असन पाणी. नाही तर इतकी वर्षं चाललाच नसता."

कुंपणापलीकडे शेजारची शामला वाळलेले पापड गोळा करत होती. ती तिथूनच बोलली.

"काकाजी, काहून कोणी नाही? काकू टाकत होत्या नं रोज! तांदूळ धुतलेलं पाणी, नाही तर तांब्याभर नळाचं. मी लग्न होऊन आली तेव्हा हसली होती. म्हटलं, काकू, दगडाले काहून पाणी घालता? तर म्हणे, ह्यांचा रेडिओ पाणी पेते वं."

ओमप्रकाश मोठ्याने हसला. शालिकरामजी हसले नाहीत. ते त्या भेगेकडे बघत राहिले.

रेडिओ आणला त्या दिवशी, पाइप पुरल्यावर, तो लावून देणारा माणूस म्हणाला होता, रोज तांब्याभर पाणी टाकत जा. ते काम शालिकरामजींनी मोठ्या हौसेने आपल्याकडे घेतलं होतं. चार दिवस टाकलं, पाचव्या दिवशी विसरले, आणि नंतर विसरलो हेही विसरले. रेडिओ चालत राहिला. त्यांना वाटलं होतं, चांगल्या वस्तू अशाच चालत राहतात.

ज्या वर्षी नळाला दिवसाआड पाणी होतं, त्याही वर्षी तो चालत होता.

मातीत ओल टिकावी म्हणून ओमप्रकाशने मीठ मागितलं, कोळसा मागितला. दोघांनी मिळून भेग बुजवली आणि मातीवर बादली ओतली. माती किती तरी वेळ नुसती सुस्कारत राहिली, मग हळूहळू काळी झाली. आत जाऊन रेडिओ लावला तेव्हा घरघर बरीच उतरली होती.

"इंदूर?" शालिकरामजींनी विचारलं.

"दिवसा दूरचं काही खरं नाही. अंधार पडल्यावर पाहा." ओमप्रकाशने दुपट्टा झटकला. "येईन, बाबूजी. येईनच. काकू आल्या की सांगजा, ओमप्रकाशनं तीन चकरा मारायला लावल्या, त्यांचं एक तांब्या पाणी भारी पडलं."

तो गेल्यावर शालिकरामजी कार्ड काढून टेबलाशी बसले. नऊच्या खाली त्यांनी दहा लिहिलं. बऱ्याच वेळाने त्यापुढे एक ओळ लिहून त्यांनी कार्ड पुन्हा खिळ्याला अडकवलं.

वच्छलाबाई सहाच्या सुमारास आल्या. एस.टी.च्या धुळीने केस पांढरे झालेले, हातात मारोतरावांकडची कच्च्या आंब्यांची पिशवी. पाय धुऊन त्यांनी घरभर एक नजर फिरवली. रेडिओवर ती थोडी थांबली.

"पुसला वाटते."

"हो. दादा कसे आहेत?"

"बसून राहिले खाटेवर, अन् सगळ्याइले कामं सांगून राहिले. बरे आहेत म्हणजे."

त्यांनी खिळ्यावरचं कार्ड घेतलं. अक्षर जोडून जोडून त्या वाचायच्या, म्हणून वेळ लागला. नऊपर्यंत मान हलवत आल्या. दहावर थांबल्या. मग स्वयंपाकघरात गेल्या, तांब्या भरला आणि मागचं दार उघडून अंगणात गेल्या.

शालिकरामजी खुर्चीत पुस्तक उघडून बसले. त्यांनी जे वाक्य तयार केलं होतं ते चांगलं होतं, त्यात एकही 'परंतु' नव्हतं. पावलं परत आली. वच्छलाबाईंच्या हातात तांब्या तसाच भरलेला होता.

"अजी, माती तं ओली आहे."

"हो."

त्या पुन्हा कार्डाशी गेल्या आणि दहावी ओळ मोठ्याने वाचली.

"माग-च्या को-पऱ्यात रोज तांब्या-भर पाणी. मी." त्यांनी वळून पाहिलं. "मी म्हणजे कोण?"

"मी," शालिकरामजी म्हणाले. तयार केलेलं वाक्य कुठे गेलं ते त्यांना सापडेना. "तेरा वर्षं तू... मला माहीत नव्हतं."

"त्यात काय माहीत कराचं?" वच्छलाबाईंनी तांब्या झाकून ठेवला. "रेडिओ चालू असला की तुम्ही पान नव्हते उलटत. पोरगी म्हणे तेव्हा तं एकही नाही. मले वाटे, चालू राहू द्यावं बाई."

पावणेआठ वाजायला आले तेव्हा दोघंही फळीजवळ बसले होते. शालिकरामजींनी काटा हळूहळू सरकवला. खरखर आली, पातळ झाली, आणि हिरवा डोळा एकदम मिटत आला. निवेदिका हिंदीत म्हणाली, आता गीत सादर करत आहेत श्रीमती नीला घाटोळे.

"हे कोण?" वच्छलाबाई दचकल्या.

"आपलीच आहे. सासरचं नाव."

पहिला स्वर लागला तेव्हा वच्छलाबाईंनी पदर तोंडाशी नेला. आवाज मध्येच दूर जायचा, परत यायचा. वाऱ्यावरचा वास यावा तसा. शालिकरामजींच्या मांडीवर पुस्तक होतं. दुसऱ्या गाण्याच्या वेळी वच्छलाबाईंनी हात पुढे करून ते मिटलं आणि बाजूला ठेवून दिलं.

त्या रात्री जेवणं झाल्यावर शालिकरामजींनी नीलाला अंतर्देशीय पत्र लिहिलं. कच्चा मसुदा केला नाही. तिन्ही पानं भरली, चिकटवायच्या पट्टीवरही दोन ओळी आल्या.

सकाळी पाचलाच ते उठले. वच्छलाबाई अजून उठल्या नसाव्यात असं वाटून त्यांनी पाय न वाजवता तांब्या भरला आणि मागचं दार उघडलं. मोगऱ्याचा वास होता. कोपऱ्यात खिडकीखाली वाकून त्यांनी मातीला हात लावला.

माती नुकतीच ओली केलेली होती.

त्यांनी मागच्या दाराकडे वळून पाहिलं. मग त्यांनी आपलाही तांब्या तिथेच ओतला.