शेठाणीचं सांत्वन

सोफ्यांचं कापड बदलून देणाऱ्या त्या कारागिराला सगळे सोफेवाला म्हणत. दुसऱ्याचं दुःख हलकं करणं आपल्याला झकास जमतं, असा त्याचा ठाम समज होता. हा समज आपल्याखेरीज जगात कुणाचाच नाही, हे त्याला पन्नाशी उलटल्यावर एका मांजरीनं शिकवलं.

दुकानातली ती मांजर म्हणजे शेठाणी. चिंध्यांच्या खोक्यात ती व्याली, तीन पिल्लं झाली. त्यातलं सगळ्यात किरकोळ, करडं पिल्लू सकाळी हललंच नाही. शेठाणी तेव्हा खायला गेली होती. सोफेवाल्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आईच्या नजरेला हे पडायला नको, म्हणून त्यानं पिल्लू मखमलीच्या तुकड्यात गुंडाळलं आणि घाईघाईनं मागच्या अंगणात पुरलं. आपण किती हळवे, किती समजूतदार, या विचारानं त्याला जरा बरंही वाटलं.

शेठाणी परतली. तिनं खोकं हुंगलं, चिंध्या उपसल्या, आणि दुकानभर फिरत असा गळा काढला की रस्त्यावरची माणसं आत डोकावू लागली.

सोफेवाल्यानं जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"पिल्लू थोडा वेळ तिच्यापाशी राहू द्यायचं होतं," त्या म्हणाल्या. "हुंगून, चाटून तिचं तिला कळलं असतं. आता तिला वाटतंय, हरवलंय."

"मग उकरून आणू?"

"अहो, नको! खाणंपाणी जवळ ठेवा, खोकं उबदार ठेवा, दुधाच्या जागी सूज येत नाही ना ते बघा. आणि मुख्य म्हणजे तिच्या मागे मागे करू नका."

पहिलं सगळं त्यानं मनापासून केलं. शेवटचं वाक्य मात्र त्याच्या डोक्यात शिरलंच नाही. हातातलं काम टाकून त्यानं करड्या मखमलीचं एक पिल्लू शिवलं, आत कापूस भरला, शेपटीत तार घातली. शेठाणीनं ते एकदा हुंगलं आणि ती पाठ फिरवून बसली.

थोरली बहीण चहा घेऊन वरच्या घरातून खाली आली. "हा उंदीर कुणासाठी?"

"पिल्लू आहे ते, ताई."

"तिला पटलं?"

एवढ्यावर थांबेल तो सोफेवाला कसला! "बघ, अजून दोन आहेत ना तुला," असं म्हणत त्यानं ती दोन पिल्लं दिवसभर उचलून उचलून शेठाणीच्या नाकाशी धरली. दुसऱ्या सकाळी खोकं रिकामं.

मग हा गृहस्थ गुडघ्यांवर रांगत, सोफ्यांखाली टॉर्च मारत, चिरक्या आवाजात हाका घालत फिरू लागला. एका दिवाणाखाली डोकं अडकलं, तेव्हा कुठे त्याला उमगलं की काल शेठाणीही इथूनच, अशीच ओरडत गेली होती. आणि आपण तिच्यापुढे काय ठेवलं? तर कापसाचा उंदीर! तो तसाच पालथा पडून राहिला. स्वतःवर हसावं की रडावं, ते त्याला कळेना.

"ऊठ आता," ताईची हाक आली. "सापडली."

दुरुस्त करून ठेवलेल्या एका आरामखुर्चीचं खालचं अस्तर फाडून शेठाणीनं आत संसार थाटला होता. नेमके त्याच दुपारी खुर्चीचे मालक आले.

"तयार दिसतेय की," ते म्हणाले.

खुर्चीतून बारीक 'म्यांव' आलं.

"थोडी करकरते," सोफेवाला घाईघाईनं म्हणाला. "आतलं काम राहिलंय."

"किती दिवस लागतील?"

"डोळे उघडेपर्यंत," त्याच्या तोंडून निघून गेलं.

मालकांनी खाली वाकून पाहिलं आणि ते हसू दाबत म्हणाले, "सावकाश होऊ द्या."

त्या संध्याकाळी सोफेवाला खुर्चीपासून हातभर लांब, जमिनीवर बसला. काहीच न करणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. बोटं वळवळत होती, धीराचे चार शब्द ओठांवर येत होते. ते त्यानं मोठ्या कष्टानं गिळले. अंधारून आलं तशी शेठाणी बाहेर आली. तिनं वाटीतलं सगळं खाल्लं. मग ती त्याच्या घोट्याला डोकं टेकवून क्षणभर थांबली आणि पुन्हा आत पिल्लांकडे गेली.

ताई जिन्यावरून बघत होती. "काय म्हणाली?"

"काही नाही."

"आणि तू?"

"मीपण काही नाही."

"मग होईल बरी," ताई म्हणाली आणि वर निघून गेली.