रजबचं कबुतर

नबवीया कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली. नवऱ्याच्या खुराड्यावर रजबचं पांढरं कबुतर ऐटीत बसलं होतं.

रजब तिचा सख्खा भाऊ, शेजारच्या गच्चीवर कबुतरं पाळणारा. मुतवल्ली नावाचा तिचा नवरा त्याच्याहून वेडा. दुसऱ्याचं कबुतर दाणे टाकून फितवायचं आणि बिनदिक्कत ठेवून घ्यायचं, हा कैरोच्या त्या गल्लीतला जुना खेळ. त्यापायी दोघांमधून विस्तव जात नव्हता.

तिथले पुरुष ऊठसूट तलाकची शपथ घेत, पाहुण्याने आणखी एक घास खावा म्हणूनसुद्धा. बायको आपले दाणे चोरून भावाच्या कबुतरांना चारते, असा संशय येऊन मुतवल्लीचीही जीभ सुटली होती. आधी म्हणाला, "रजबचं कबुतर माझ्या गच्चीवर उतरलं, तर दाणे तूच टाकलेस." मग जेवताना म्हणाला, "तू दाणे टाकलेस, तर तुला तलाक." आधीचे दोन तलाक रागातच झाले होते आणि दोन्ही वेळा त्याने तिला परत घरात घेतलं होतं. तिसऱ्यानंतर तशी सोय नव्हती.

कबुतर उतरलं. म्हणजे दाणे तिने टाकले. म्हणजे तलाक. जिना उतरताना ती पुन्हा पुन्हा पहिल्यापासून जोडत गेली आणि दर वेळी तिथेच येऊन पडली. तोंडाला येईल ते पुरुषांनी बोलायचं, आणि त्याचा अर्थ लावत बायकांनी रक्त आटवायचं.

मशिदीत तर्कशास्त्र शिकवणारे म्हातारे शेख अब्दुलमुईन खांबाशी बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"जोडणी बरोबर आहे, पोरी. उतरलं तर टाकलेस, टाकलेस तर तलाक. म्हणजे उतरलं तर तलाक."

ती तिथेच बसून रडू लागली.

"अगं, रडतेस काय. जोडणी बरोबर असली म्हणून कड्या खऱ्या होत नाहीत. शपथ दुसऱ्या वाक्यात आहे. पहिलं म्हणजे नुसता त्याचा संशय. तू टाकलेस दाणे?"

"अल्लाची आण, नाही टाकले."

"मग पहिली कडीच खोटी. तुझा संसार शाबूत आहे. फक्त नवऱ्याचा तुझ्यावर विश्वास बसला पाहिजे."

तिथेच तर घोडं अडत होतं. ती घरी निघाली.

मुतवल्ली दाराबाहेर पायरीवर बसला होता. चेहरा उतरलेला.

"वर पाहिलंस?" त्याने विचारलं.

"पाहिलं. मी दाणे टाकले नाहीत हो."

"ठाऊक आहे." त्याने खिशातून मूठ काढून उघडली. ज्वारी होती. "मीच टाकले. हाव सुटली. ते उतरल्यावर माझंच बोलणं आठवलं, उतरलं की तलाक. वाटलं, तू आता माझी नाहीस. आत पाऊल टाकायची हिंमत होईना."

शेख काय म्हणाले ते तिने सांगितलं. तो लहान मुलासारखा रडला. तिला त्याचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त हायसं वाटलं.

"नबवीया, शपथ घेतो," तो डोळे पुसत म्हणाला, "पुन्हा कधी तलाकचं नाव काढलं, तर तुला—"

तिने त्याच्या तोंडावर तळहात दाबला, आणि पुढचे शब्द त्याने गिळल्याचं कळेपर्यंत काढला नाही.