रुख्मिणीच्या दारचा रानकांदा

इंग्रजी अमदानीतल्या एका उन्हाळ्यात देऊळघाटात जो तो मान वर करून चालत होता. दारोदारच्या चौकटीवर डोंगरातले रानकांदे टांगलेले. माती नाही, पाण्याचा थेंब नाही, आणि तरी त्यांतून हातभर दांडे निघून फुलले होते. कांदे वाटले होते घाटातून उतरलेल्या एका जटाधारी बाबाने. "ज्या घरी पुण्य, त्या घरी फूल," हे तो इतक्यांदा बोलला की पोरंसोरंही त्याच्या सुरात म्हणू लागली. पुण्याचं एवढं पीक गावात कधी आलं नव्हतं.

रुख्मिणीच्या दारचा कांदा तेवढा फुलला नाही. तिच्या घरात पाप आहे, बाबाने सांगून टाकलं, आणि बायकांनी तिला विहिरीवर येऊ देणं बंद केलं. घरात लेक तापाने फणफणलेली आणि घागर कोरडी. बाबाचा राग कशाचा, हे तिला पक्कं ठाऊक होतं. लेकीला रानकांद्याचा रस पाज, असं त्याने बजावलं होतं. तिने तो न पाजता खामगावच्या डॉक्टरचं औषध आणलं होतं.

रडत बसणारी ती नव्हती. पाणी नाल्यातून आणू लागली. कुदळ घेऊन घाटाच्या खडकात गेली, कपारीतला एक रानकांदा स्वतः खणला आणि बाबाच्या कांद्याशेजारी टांगला. थोड्याच दिवसांत तो फुलला. घर तेच, चौकट तीच.

दोन्ही कांदे घेऊन ती चावडीवर गेली. पाटील अर्जुनरावांसमोरच बाबा गादीवर बसला होता.

"पाटील, हा म्या सोता खंदून आणला. माह्या घरात पाप, तं हा काऊन फुलला?"

हा सैतानाचा खेळ आहे, बाबा गुरगुरला. रुख्मिणीने त्याच्याकडे पाहिलंही नाही. विळ्याने त्याचा कांदा उभा चिरला. आतला कोंब जळून काळाठिक्कर, आणि शेंड्यापासून तिथवर तापल्या दाभणाचं सरळ भोक. अर्जुनरावांनी भोकात काडी घालून पाहिली. बाबा जटा सावरत उठू लागला.

"कांद्याच्या पोटातच त्याची शिदोरी असते," रुख्मिणी लोकांना म्हणाली. "तुमच्या माळ्यावरच्या कांद्याले कोंब येते, तवा कोणाचं पुण्य मोजता?"

बाबाला त्याच दिवशी गावाबाहेर काढलं.

संध्याकाळी विहिरीवर मनकर्णाबाईने तिची घागर भरून द्यायला हात पुढे केला. रुख्मिणीने घागर दिली नाही. स्वतः भरली, डोक्यावर घेतली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"उद्या दुसरा बाबा येईन. आधी कापून पाहा, मंग पाया पडा."