अक्कलदाढेचं स्थलांतर

मित्रांनो, मी एक अक्कलदाढ आहे. जुनी म्हणाल तर फारशी नाही. उजेडात येऊन मला अजून वर्षही झालेलं नाही. पण त्याआधीची आठ-नऊ वर्षं मी हाडाच्या आत काढली आहेत, आणि एवढ्याशा आयुष्यात जे पाहिलं, त्याचं नवल अजून ओसरत नाही. म्हणून तर सांगायला बसले.

माझा जन्म एका मुलीच्या खालच्या जबड्यात झाला. डाव्या बाजूला, अगदी शेवटच्या कोपऱ्यात. ती तेव्हा आठ वर्षांची होती. घरी तिला सगळे खारू म्हणत, कारण खारीसारखं दिसेल ते कुरतडायची तिला खोड होती. पेन्सिलीचं टोक, फ्रॉकची नाडी, बाटलीचं झाकण, तिच्या दातांतून काही सुटायचं नाही.

तुम्ही माणसं घर बांधता ते पायापासून. आमचं सगळं उलटं असतं. आधी माझे उंचवटे तयार झाले, कणीएवढे, सुटे सुटे. मग ते वाढत वाढत एकमेकांना भेटले आणि माझा माथा झाला. त्यावर काचेसारखं टणक कवच चढलं. मुळांचा तर अजून पत्ताच नव्हता! तिथे ना दिवा, ना हत्यार, ना कुणी कारागीर. खारू दोरीवरच्या उड्या मारत होती, पाढे विसरत होती, कांजिण्यांनी बेजार होत होती, आणि त्या सगळ्या धामधुमीत कुणीतरी एकही दिवस न चुकता माझ्यावर थर चढवत होतं. तो कोण, हे मला आजही कळलेलं नाही.

अंधारात मला दिसायचं नाही, पण ऐकू सगळं यायचं; जे दिसलं नाही ते मी पुढे खारूच्या बोलण्यातून जुळवलं. खारूचा आवाज हाडातून थेट माझ्यापर्यंत पोचायचा. ती हसली की मी हलायची. ती रडली की आवाज जड व्हायचा. बाबांचा आणि आईचा आवाज मात्र लांबून यायचा, भिंतीपलीकडून आल्यासारखा. बाबांची रोपांची नर्सरी होती आणि आई शाळेची बस चालवायची, एवढं मला त्यांच्या बोलण्यातून कळलं.

माझ्यापुढे एक घर सोडून पलीकडे एक मोठी दाढ होती. खारू सहा वर्षांची असताना ती आली होती. आमच्या बाजूचा निम्मा भार ती एकटी उचलायची. मी तिला ताई म्हणायची. मी मनात म्हणायची, एक दिवस मीही वर जाईन आणि ताईसारखी कामाला लागेन.

पण ताईचं काही वेगळंच व्हायचं होतं.

खारू पंधरा वर्षांची असताना नर्सरीत पाण्याची नवी नळी आली. ती नायलॉनच्या दोरीने करकचून बांधलेली होती. बाबा कात्री आणायला गेले. खारूला कुठला धीर! तिने गाठ डाव्या दाढांत धरली आणि हिसका दिला.

कट्ट!

माझ्या अंगातून वीज गेल्यासारखं झालं. गाठ सुटली होती, पण ताईच्या माथ्यावर उभी चीर गेली होती.

बाबांनी शंभरदा बजावलं होतं, "खारू, दात म्हणजे पक्कड नव्हे!" आता सांगावं तर बोलणी बसणार, आणि वर डॉक्टरांची सुई. खारूने तोंड मिटून घेतलं. त्या दिवसापासून ती उजव्या बाजूने जेवू लागली. आईने विचारलं तर "भूक नाही" म्हणायची. गाल धरून बसलेली दिसली तर "अभ्यास करतेय" म्हणायची. वर्षभर ताई चिरेतून आत आत पोखरत गेली. ती ठणकायची, कळा मारायची, आणि एके दिवशी ठणकायची थांबली. खारूला वाटलं, बरं झालं. मला कळलं, ताई गेली.

मित्रांनो, त्यानंतर काही महिन्यांनी माझी वर जायची वेळ आली. खारूला सतरावं लागलं होतं. मला कुणी सांगितलं नाही, बोलावलं नाही. पण आतून अशी काही ओढ लागली की थांबणं माझ्या हातात राहिलं नाही. जागा अपुरी होती. तरी मी हिरडीतून एक टोक वर काढलं आणि खारूचा गाल फुगला.

सकाळी तिला तोंड उघडता येईना. आईने बसची किल्ली टेबलावर ठेवली आणि तिच्या गालाला हात लावला.

"अक्कलदाढ येतेय वाटतं," आई म्हणाली. "मला तर अजून आलीच नाही."

"म्हणून तर माझ्याशी लग्न केलंस," बाबा म्हणाले.

खारूला हसू आलं आणि हसताना जीव कळवळला. त्या कळवळण्यात तिचं तोंड थोडं उघडलं, आणि आईची नजर ताईवर पडली. आईचं हसणं तिथेच थांबलं.

"हे काय आहे, खारू?"

दातांच्या डॉक्टरबाईंचा दवाखाना लहानसा होता. एक खुर्ची, एक दिवा, खिडकीत पाण्याचा पेला. खारूच्या जबड्याचं एक्स-रे चित्र पडद्यावर लागलं. डॉक्टरबाई बराच वेळ ते बघत राहिल्या.

"ही चीर कधीची?" त्यांनी विचारलं.

खारूने खाली मान घातली. मग दोरीची हकीकत हळूहळू बाहेर आली. बाबा म्हणाले, "मी ओरडेन म्हणून सांगितलं नाहीस?"

खारूने मान हलवली.

"वर्षभर?" बाबांचा आवाज बारीक झाला. "वर्षभर एका बाजूने जेवलीस, आणि मी ताटासमोर बसून पेपर वाचत होतो."

ताईला वाचवता येणार नाही, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. खारूचा जबडा अजून वाढत होता, त्यामुळे तिथे कृत्रिम दात आत्ताच पक्का बसवता येणार नव्हता. मग त्यांनी पडद्यावर माझ्याकडे बोट दाखवलं.

"एक गोष्ट करून बघता येईल. ही अक्कलदाढ इथे अडकून नुसता त्रास देणार. पण हिची मुळं बघा. अजून पुरती झालेली नाहीत, टोकं उघडी आहेत. हिला अलगद काढून मोठ्या दाढेच्या जागी लावायचं. धरली तर मुळं तिथे वाढतील, आत पुन्हा रक्त खेळू लागेल."

बाबा खुर्चीतून पुढे सरकले. "म्हणजे रोप अजून पिशवीतच आहे."

"अगदी तसंच."

"मुळांना हात लागता कामा नये. आणि उघड्यावर फार वेळ ठेवायचं नाही."

"तुम्हाला कसं माहीत?" डॉक्टरबाईंना हसू आलं.

"आयुष्यभर हेच करतोय. म्हणूनच विचारतो, किती जगतात?"

"मी आजवर अकरा केल्या. नऊ धरल्या."

दहा रोपांतलं एक सुकलं तर बाबा दुसरं लावायचे. इथे दुसरं नव्हतं. त्यांनी आईकडे बघितलं, आईने खारूकडे.

"माझ्याच तोंडातली आहे ना?" सुजल्या गालाने खारू म्हणाली. "मग लावा."

आठ दिवस औषध घेऊन सूज उतरली. नवव्या दिवशी खारू त्या खुर्चीत आडवी झाली. सुईला ती इतकी वर्षं घाबरत होती. सुई टोचली तेव्हा ती फक्त एवढंच म्हणाली, "झालं? एवढंच?"

ताईला आधी काढलं. दहा वर्षं जिने भार उचलला ती एका लहान ताटलीत निजली. मग माझी पाळी आली. डॉक्टरबाईंचे हात इतके हळुवार होते की मी हाडापासून कधी सुटले तेच समजलं नाही. मदतनीस बाई घड्याळ बघून सेकंद मोजू लागल्या, "एक, दोन, तीन..."

आणि मित्रांनो, मी बाहेर आले.

केवढा तो उजेड! खिडकीतून ऊन येत होतं आणि पेल्यातलं पाणी छतावर थरथरत होतं. बाहेर झाडाची फांदी होती, फांदीमागे आकाश होतं, आणि आकाशामागे भिंतच नव्हती. मी आजवर जेवढं जग धरून चालले होते, ते एका गालाएवढं होतं. दाराच्या काचेला दोन तळवे टेकलेले दिसले. नखांत माती होती. ज्यांचा आवाज मी इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकला, ते हे बाबा! त्यांच्या खांद्यामागे आई होती, बसच्या गणवेशातच.

"एकवीस, बावीस..."

मग मी खाली बघितलं. तिथे एक चेहरा होता. डोळे घट्ट मिटलेले, कपाळावर घाम, एका भुवईत लहानसा व्रण. ही खारू! जिच्या हसण्याने मी हलायची, जिच्या रडण्याने जड व्हायची, जिच्या तापात तापायची, तिला मी पहिल्यांदा बघत होते. इतका लहान चेहरा, आणि त्यात मावलेलं केवढं जग! कुठल्याही दाताला आपलं माणूस असं समोरून बघायला मिळत नाही. मला मिळालं. सदतीस आकडे होईपर्यंत.

मग पुन्हा अंधार झाला. ताईच्या जागेत मला बसवलं, टाके घातले, शेजारच्या दातांशी बारीक तारेने बांधलं. आणि सगळं शांत झालं.

ती शांतता भयंकर होती. मला खारूचा आवाज येईना. गरम कळेना, गार कळेना. मी जिवंत आहे की ताईसारखीच गेले आहे, हेही समजेना. दोन आठवड्यांनी तार निघाली. मी हलत नव्हते, म्हणजे हाडाने मला धरलं होतं. पण एवढ्याने भागणार नव्हतं. त्यापुढच्या महिन्यांतलं सगळं मी नंतर खारूच्याच तोंडून ऐकलं.

महिन्याने डॉक्टरबाईंनी बर्फासारखा गार बोळा माझ्यावर टेकवला. "काही जाणवतंय?"

"नाही."

दुसऱ्या महिन्यातही नाही. डॉक्टरबाईंनी नुसतं कागदावर लिहिलं. तरी खारूने हार मानली नाही. पातळ-मऊ जेवण, मऊ ब्रश रोज दोन वेळा माझ्याभोवती हलक्या हाताने फिरवणं. ज्या मुलीने दातांची पक्कड केली होती, ती आता दोऱ्याला गाठ दिसली की निमूट कात्री शोधायची. बाबा रोज सकाळी विचारायचे, "काय म्हणतंय रोप?" आणि उत्तराची वाट न बघता पाणी घालायला निघून जायचे. त्यांना "नाही" ऐकायचं नसायचं.

अंधारात माझं काम मात्र पुन्हा सुरू झालं होतं. तोच तो कुणीतरी, ज्याला ना दिवा लागतो ना हत्यार. उघड्या टोकातून केसाहून बारीक असं काहीतरी आत येत होतं. लाल, ऊबदार. मी श्वास रोखून थांबले होते.

चौथ्या महिन्यात डॉक्टरबाईंनी बोळा टेकवला. एक क्षण गेला. दुसरा गेला.

"आई गं!" खारू ताडकन उठून बसली. "गार! गार लागलं!"

"नक्की?"

"डॉक्टर, दुखलं! खरंच दुखलं!"

दुखलं म्हणून इतकं हसणारं माणूस त्या खुर्चीने पहिल्यांदाच पाहिलं असेल. आईने खारूला मिठी मारली. बाबा म्हणाले, "मी जरा बाहेर जाऊन येतो," आणि बराच वेळ आलेच नाहीत. पडद्यावरच्या नव्या चित्रात माझी मुळं तसूभर नाही, पण तांदळाच्या दाण्याच्या टोकाएवढी वाढली होती. डॉक्टरबाईंनी ते तीनदा मोजलं.

त्या संध्याकाळी खारूने डाव्या बाजूने गाजर खाल्लं. कुडुम्, कुडुम्! तो आवाज हाडातून माझ्यापर्यंत आला आणि मला पुन्हा सगळं ऐकू येऊ लागलं.

मित्रांनो, तुमच्याही जबड्याच्या कोपऱ्यात कदाचित माझ्यासारखी कुणीतरी अंधारात घडते आहे. प्रत्येकीला अशी दुसरी जागा मिळेलच असं नाही. काहींना काढावंच लागतं, काही येतच नाहीत. पण आमची काळजी घ्या. आम्हाला हत्यार समजू नका. आणि दुखत असेल तर लपवू नका, ओरडा बसला तरी चालेल. ताई माझ्याएवढीच मजबूत होती. तिचं दुखणं कुणाला वेळेवर कळलं नाही, एवढंच.

आत्ता एकदा मोठ्याने "दुखतंय" म्हणून बघा. पहिल्याच अक्षराला तुमची जीभ आपणहून दातांना जाऊन टेकते. सांगायला इतकं जवळ असतं सगळं.