बिनफवारणीची बाग

वल्लरीच्या अंगावर मोगऱ्याची वाडी चढवून झाली, हातात फुलांचा धनुष्यबाण द्यायचा तेवढा राहिला, आणि तिचा मोबाइल वाजला. डोहाळजेवणाच्या दिवशी तरी तो बंद ठेव म्हणून मी सकाळपासून कानीकपाळी ओरडत होते. पण ऐकेल ती माझी लेक कसली.

"घेऊ नकोस," मी म्हटलं.

"आई, दीनानाथ आहेत."

दीनानाथ म्हणजे शिमल्याच्या वरचे सफरचंदाचे बागवाले. वल्लरी कीटकशास्त्रज्ञ. पनवेलमध्ये वाढलेली पोर, सफरचंद बघितलं असेल तर आजारी माणसाच्या उशाशी. आणि ही बाई तीन वर्षं हिमाचलात सफरचंदाच्या किडीमागे हात धुऊन लागलेली. लोकरी मावा म्हणतात त्या किडीला. फांद्यांवर कापूस चिकटल्यासारखी दिसते, रस शोषते, झाडाला गाठी आणते. त्यावर वल्लरीचा उपाय म्हणजे खसखशीच्या दाण्याहून थोडी मोठी अशी एक काळी माशी. ती माव्याच्या पोटात अंडं घालते, आतलं पिल्लू मावा खाऊन मोठं होतं आणि भोक पाडून उडून जातं. मागे उरतं काळं टरफल. अट एकच, औषध फवारायचं नाही. औषधाने माशी आधी मरते.

अट सोपी, पण पाळणार कोण? यंदा पांढरं दिसल्याबरोबर बाकीच्या बागवाल्यांनी घाबरून फवारून टाकलं. उरले एकटे दीनानाथ. त्यांनीही फवारलं की वल्लरीचं तीन वर्षांचं काम मातीत.

तिने फोन स्पीकरवर टाकला. "मैडम, कल सुबह मैं भी स्प्रे कर रहा हूँ. पूरा बाग सफ़ेद पड़ा है."

"दीनानाथजी, इस बार ठंड लंबी चली. माशी... वो ततैया देर से निकलेगी, मैंने कहा था. थोड़ा रुकिए."

"किसके भरोसे रुकूँ? आप तो छोड़के चली गईं."

निघताना वल्लरीने तिथे फक्त 'घरी काम आहे' एवढंच सांगितलेलं. दिवस गेलेत हे कळलं की बाई आता परत येत नाही असं लोक धरून चालतात, हे तिला ठाऊक होतं. तिच्या साहेबांनीही रजेच्या अर्जावर सही करताना विचारलं होतं, प्रकल्प दुसऱ्या कुणाकडे देऊ का म्हणून. तिचे डोळे भरले आणि माझं डोकं फिरलं.

"आण इकडे," मी म्हटलं. आख्खी नोकरी टेलिफोन खात्यात केली मी, ऑपरेटर होते. भांडणारी माणसं लाइनवर कशी धरून ठेवायची ते मला शिकवायला नको.

"दीनानाथजी, मैं उसकी माँ बोलती है. मेरी लड़की भागके नहीं आई. उसको सातवाँ महीना है. डॉक्टर ने प्रवास करने को ना बोला है. अभी उसकी ओटी भरने का है, सब बायका भूखी बैठी हैं, और वो तुम्हारे झाड़ के वास्ते रोती है."

वल्लरीने कपाळावर हात मारून घेतला. माझ्या हिंदीची तिला लाज वाटते. वाटू दे.

पलीकडून एकदम उतरलेला आवाज, "पहले क्यों नहीं बताया?"

"बताती तो तुम बोलते, अब मैडम का क्या भरोसा."

वल्लरीने डोळे पुसून फोन माझ्याकडून घेतला. "दीनानाथजी, नीचे वाले पुराने पेड़ के पास जाइए. ब्रश से सफ़ेद हटाइए. उसके नीचे क्या है, बस इतना बताइए. फिर स्प्रे करना हो तो कीजिए."

ते निघाले. फोनवर वाळल्या पानांचा आवाज, कुठे तरी कुत्रं. आमच्या कामोठ्याच्या फ्लॅटमध्ये बायका ओटीची तबकं मांडीवर घेऊन फोनकडे बघत बसलेल्या. आम्हाला मासळी देणाऱ्या करंजा बंदरावरच्या गुणाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या होत्या. त्यांना राहवेना.

"गो बाय, ती माशी मानसाला चावत नाय ना?"

"नाही मावशी."

"मंग बरी हाय."

"मैडम," फोन बोलला, "नीचे काला है. काले-काले दाने."

वल्लरीने माझं मनगट घट्ट धरलं. "लेंस से देखिए. छेद है?"

गुणाबाई सरकत फोनजवळ आल्या.

"है. गोल छेद. एक में... नहीं, सबमें है." मग धावत गेल्यासारखा आवाज. "इस पेड़ पर भी. मैडम, ऊपर से सफ़ेद है, अंदर सब मरा पड़ा है."

"और स्प्रे?"

"काहे का स्प्रे?"

वल्लरी हसायला लागली आणि हसता हसता रडायला. मोगऱ्याची वाडी विस्कटली, पण मी रागावले नाही. माझ्या पोरीने करून दाखवलं होतं. मला इतका आनंद झाला की गुणाबाईंच्या पाठीत मी एक धपाटा घातला.

ओटी भरली, पानं वाढली, पण फोन काही सुटेना. दीनानाथांनी आजूबाजूच्या बागवाल्यांना हाका मारून बोलावलं होतं, आणि ते एकेक करून बोलत होते. फवारून बसलेलेच सगळे, आता त्यांनाही ती माशी हवी होती. वल्लरीच्या ताटातली अळूवडी निवत चालली, तशी मी तिच्या शेजारी बसले आणि एकेक घास तिच्या तोंडात द्यायला लागले. ती घास गिळायची, हाताने मला थांब म्हणायची आणि फोनवर पुढच्या माणसाला विचारायची, "नमस्ते, बोलिए. आपके कितने पेड़ हैं?"