पहिलं सिम वाजेना

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल आहे. माझ्या पाठीवर एक लांब ओरखडा आहे आणि काचेचा डावा कोपरा तडकलेला आहे. माझ्या कडेला एक छोटी खाच आहे. तिच्यात टाचणी टोचली की एक कप्पा बाहेर येतो आणि त्यात दोन सिमकार्डं शेजारी शेजारी बसतात. माझी सगळी कहाणी त्या दोन कार्डांची आहे.

मी जन्मलो कारखान्यात. तिथल्या बायकांनी हातमोजे घालून माझ्यात बॅटरी बसवली, माझा आवाज तपासला आणि मला खोक्यात बंद केलं. खोकं उघडलं ते अकोल्यात, एका दुकानाच्या काउंटरवर. चारुताताईंनी मला त्यांच्या वडिलांसाठी घेतलं आणि दुसऱ्या दिवशी मी अमरावतीला चिंतामण गुरुजींच्या घरी आलो.

गुरुजी पौरोहित्य करतात. लग्न, मुंज, वास्तुशांत, सत्यनारायण. चाळीस वर्षांपूर्वी ते सायकलवर भातकुलीपर्यंत जायचे, असं त्यांच्या पत्नी कुंदाकाकू सांगतात. माझ्या कप्प्यातल्या पहिल्या जागी गुरुजींनी यजमानांसाठीचा नंबर बसवला. हा नंबर जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत कॅलेंडरच्या मागे लिहिलेला होता. दुसऱ्या जागी घरचा नंबर आला. तो काकूही वापरत. चारुताताईंनी पहिल्या सिमला देवळातल्या घंटेचा आवाज लावून दिला आणि दुसऱ्याला माझा मूळचा. घंटा वाजली की गुरुजी उठत. मूळचा आवाज आला की म्हणत, "कुंदा, तुझा आहे."

मी मन लावून काम केलं. मुहूर्त कळवले, पूजेच्या सामानाच्या याद्या पाठवल्या, कार्य झाल्यावर घरच्या मंडळींसोबत गुरुजींचे फोटो काढले. "हा फार गुणी आहे हो," असं गुरुजी एकदा शेजाऱ्यांना म्हणाले होते. ते वाक्य मी विसरलो नाही.

नांदगाव खंडेश्वरच्या सीमाताईंचं घर हे त्यांचं सर्वांत जवळचं यजमानघर. सीमाताईंचं बारसं गुरुजींनी केलं होतं, लग्नही त्यांनीच लावलं. अक्षय्य तृतीयेला त्यांचा फोन आला होता. "गुरुजी, माझ्या श्रेयससाठी पोरगी पाहिली. लग्न तुमच्याच हातून लागन. तारीख निघाली का मी फोन करतो." त्या दिवशी गुरुजी दोनदा चहा प्यायले. हे कदाचित माझं शेवटचं मोठं कार्य असेल, असं ते काकूंना म्हणाले. त्या एका फोनची ते वाट पाहणार होते, आणि तो पोचवणं हे माझं काम होतं.

आता शेखरबद्दल सांगायला हवं. शेखर हा गुरुजींच्या चुलतभावाचा मुलगा. वय पंचेचाळीसच्या आसपास. वयाच्या दहाव्या वर्षापासून तो गुरुजींकडे शिकला. एका दिवशी दोन कार्यं आली की एक गुरुजी करत आणि एक शेखर.

गुरुजी सोवळ्यात असले की मला हात लावत नाहीत. पूजेच्या वेळी मी शेखरकडे असे. गणपतीच्या दिवसांत इतके फोन येत की शेखरनेच सुचवलं, "काका, तुम्ही पूजेत असले अन् उचलला नाही, तं फोन माझ्याकडे वळवून देतो. लोक खोळंबणार नाहीत." गुरुजी हो म्हणाले. शेखरने माझ्या सेटिंगमध्ये जाऊन तशी व्यवस्था केली. तीत काही चूक नव्हती. गुरुजींनी उचलला नाही, तरच फोन शेखरकडे जाई.

अनंत चतुर्दशी झाल्यावर गुरुजी म्हणाले, "काढून टाक रे ते आता." ते सोवळं नेसून देवासमोर बसले होते. शेखरने मला हातात घेतलं, पुन्हा त्याच जागी गेला, आणि थोडा वेळ थांबला. मग त्याने ती व्यवस्था काढली नाही, बदलली. आता पहिल्या सिमवरचा प्रत्येक फोन, गुरुजी मोकळे असोत वा नसोत, त्याच्याकडे जाणार होता. "काढलं काका," तो म्हणाला.

मित्रांनो, मी ती आज्ञा पाळली. आम्हाला दुसरं काही येत नाही. मी ती सिमच्या कंपनीला कळवली आणि तिथे त्यांच्या यंत्रात ती नोंदली गेली. मला एवढंच करता येत होतं की माझ्या कपाळावर, वरच्या पट्टीत, एक बारीकशी खूण दाखवायची. फोनचं चिन्ह आणि त्यापुढे बाण. ज्वारीच्या दाण्याएवढी. ती मी त्या क्षणापासून दाखवू लागलो.

दुसऱ्या दिवसापासून घंटा वाजली नाही.

आधी गुरुजींना वाटलं, पितृपक्ष आहे, कार्यं नसतातच. मग नवरात्र गेलं, दिवाळी गेली. तुळशीचं लग्न झालं आणि लोकांची लग्नं सुरू झाली. दुसरं सिम रोज वाजत होतं. पहिलं गप्प होतं. गुरुजी मला जवळ घेऊन अंगणात बसत आणि थोड्या थोड्या वेळाने माझा पडदा उजळून बघत.

"तुम्हीच करा ना सीमाला फोन," काकू म्हणाल्या.

"यजमानाने बोलवायचं असतं, कुंदा. आपण विचारायचं नसतं. आयुष्यात एकदाही मी कोणाला विचारलेलं नाही."

"मग बसा त्याच्याकडे पाहत."

हळूहळू संशय माझ्यावर आला. गुरुजींनी मला बंद करून चालू केलं. विमानाचं चिन्ह दाबून सोडलं. सिम काढून धोतराच्या सोग्याने पुसलं. मला तळहातावर आपटलं. त्यांच्या हातून बसलेला तो पहिला मार; नंतरच्या एका माराने काचेचा कोपरा तडकला.

काकू विज्ञान शिकलेल्या नाहीत, पण योग्य प्रश्न त्यांनीच विचारला. त्यांनी दुसऱ्या सिमवरून पहिल्याला फोन लावला. कानाला लावून ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, रिंग तर जाते आहे. मग वाजतंय कुठे?"

शेखर तिथेच बसला होता. त्याच्या खिशात काहीतरी थरथरत होतं. त्याने वरूनच खिसा दाबला. "काकू, एकाच फोनवरून त्याच फोनले लावलं का असंच होते," तो म्हणाला. मग खिशातला फोन काढून त्याने स्वतः नंबर लावून दाखवला. त्याचा फोन त्याच्याचकडे वळणार, म्हणून तो व्यस्त लागला. "हे पाहा, एंगेज. काका, हँडसेट गेला हा. किती दिवस ठोकून राहिले तुम्ही त्याले? एकदा सगळं पुसून पाहा, नाहीतर नवा घ्या."

त्यानेच मला पुसलं. चार वर्षांचे फोटो गेले. सीमाताईंच्या वडिलांच्या सहस्रचंद्रदर्शनाचा फोटो गेला, त्यात गुरुजी हसत होते आणि तसे ते फोटोत कधी हसत नाहीत. नावं गेली. घंटा गेली. ती खूण मात्र गेली नाही, कारण दोष माझ्यात नव्हताच. पुसलेल्या कोऱ्या पडद्यावर ती आता जास्त स्पष्ट दिसत होती. तरी कोणी पाहिली नाही.

मग नवा फोन आला. दोन्ही सिमं माझ्यातून काढून त्यात बसवली आणि मला फणी-करंड्याच्या खणात ठेवलं. ज्याच्या सांगण्यावरून मी मुका झालो, त्याच्याच सांगण्यावरून मी नालायक ठरलो. खणातल्या अंधारात माझी बॅटरी संपेपर्यंत मी हाच विचार करत होतो.

पण नवा फोनही वाजला नाही.

तेव्हा काकूंनी दोन्ही फोन पिशवीत टाकले आणि गुरुजींना शाइस्ताकडे पाठवलं. शाइस्ताचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान बसस्टँडकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. आधी ते तिच्या वडिलांचं घड्याळांचं होतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एक एक गोष्ट विचारली.

"या नंबरवरून तुमचा फोन लागते का कोणाले?"

"लागतो."

"दुसऱ्या नंबरवर येते?"

"येतो."

"म्हणजे जाणारे जातात, येणारे येत नाहीत, तेबी एकाच नंबरवर. अन् दोन्ही सेटमध्ये तसंच." तिने मला चार्जरला लावलं. "मग सेटचा कसूर नाही गुरुजी. बिचाऱ्याले कावून ठोकलं? कोपरा फुटला पाहा."

मला फार दिवसांनी कोणीतरी माणसासारखं वागवलं.

तिने सिमं पुन्हा माझ्यात बसवली, मला काउंटरवर ठेवलं आणि स्वतःच्या फोनवरून गुरुजींचा नंबर लावला. स्पीकर सुरू केला. रिंग जाऊ लागली. मी गप्प होतो. चौथ्या रिंगला पलीकडून आवाज आला.

"नमस्कार, बोला."

शाइस्ताने गुरुजींकडे पाहिलं. "चिंतामण गुरुजी आहेत का?"

"मी त्यांचा पुतण्या शेखर. काकांनी पौरोहित्य सोडलं आता. त्यांना ऐकू येत नाही, प्रवासही बंद आहे. कार्य काय आहे ते सांगा, मी येतो."

"नंतर करते," असं म्हणून तिने फोन ठेवला. दुकानात पंखा फिरत होता. गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"उच्चार स्पष्ट आहेत," ते म्हणाले. "मीच शिकवले."

शाइस्ताने माझा पडदा त्यांच्यासमोर धरला आणि नखाने वरची खूण दाखवली. "हा बाण पाहिला? म्हणजे फोन दुसरीकडे वळवला आहे. केव्हाचा दाखवून राहिला असन हा. बंद करून देऊ?"

"कुठे दाबायचं ते सांगा. मी करतो."

त्यांनी स्वतः केलं. बाण गेला. माझं कपाळ तीन महिन्यांनी मोकळं झालं.

तेवढ्यात मी वाजलो. घंटा पुसली गेली होती, म्हणून पहिलं सिमही माझ्या मूळच्या आवाजात वाजत होतं. गुरुजी नुसते बघत राहिले. "गुरुजी, तुमचाच वाजून राहिला," शाइस्ता म्हणाली, तेव्हा त्यांनी मला कानाला लावलं.

"शेखर गुरुजी, सीमा बोलतो नांदगावहून. तुमच्या यादीत कलश लिहिले, पण किती ते नाही लिहिलं. अन् आणखी एक. चिंतामण गुरुजींले घेऊन या ना हो रविवारी. नाही ऐकू येत तं नाही. नुसते बसले तरी श्रेयसच्या डोक्यावर त्यांच्या अक्षता पडतीन."

"कलश पाच," गुरुजी म्हणाले. "आणि मला ऐकू येतं, सीमा."



"गुरुजी? तुमी?"

"मीच."

"आमाले तं सांगतलं का तुमी... मी कितीकदा फोन केला हो. पत्रिका बी शेखर गुरुजींच्याच हाती पाठवली. तुमाले भेटली ना?"

"सुपारी कोणाला दिली?" गुरुजींनी विचारलं.

"त्यायलेच. पण ते राहू द्या आता. तुमी या. मी गाडी पाठवतो. लग्न तुमीच लावा."

मित्रांनो, यजमानाने ज्याच्या हाती सुपारी दिली, कार्य त्याचं. दुसऱ्याने ते घ्यायचं नाही. हा नियम गुरुजींनी जन्मभर पाळला आणि शेखरला शिकवला. शेखरने तो तोडला, म्हणून गुरुजींनीही तोडावा असं मला वाटत होतं. माझ्या तडकलेल्या कोपऱ्याची शपथ, मला तसंच वाटत होतं.

"सुपारी गेली, आता कार्य त्याचं," ते म्हणाले. "अक्षता टाकायला मी येतो."

रविवारी मी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होतो. गुरुजी मांडवात पहिल्या रांगेत बसले. शेखर मंत्र मोठ्याने म्हणत होता. मान वर करताच त्याला गुरुजी दिसले आणि कन्यादानाच्या संकल्पात तो अडला. पुढचा शब्दच येईना. वधूचे वडील हात जोडून थांबले, नवरामुलगा वर पाहू लागला. गुरुजींनी हळू आवाजात तो शब्द सांगितला आणि कार्य पुढे गेलं. तो एक शब्द सोडला, तर त्या दिवसापासून आजपर्यंत गुरुजी शेखरशी एकही शब्द बोललेले नाहीत.

नवा फोन काकूंना मिळाला. मी गुरुजींकडे परत आलो. चारुताताईंनी अकोल्याहून येऊन नावं पुन्हा भरली आणि घंटा पुन्हा लावून दिली. पण सगळं पूर्वीसारखं झालं नाही. फोटो परत आले नाहीत. पूजेला बसताना गुरुजी मला आता कोणाच्या हाती देत नाहीत. ते मला बंद करून पिशवीत ठेवतात. आणि चालू केल्यावर, घड्याळ बघण्याच्याही आधी, ते चष्मा वर करून माझं कपाळ बघतात. ते मला पुन्हा गुणी म्हणालेले नाहीत. मला आपटल्याबद्दलही काही म्हणालेले नाहीत. एकदा मात्र त्यांनी अंगठा माझ्या तडकलेल्या कोपऱ्यावरून हळूच फिरवला.

म्हणून माझी एवढीच विनंती आहे. आम्ही बोलेनासे झालो तर आम्हाला आपटू नका, घाईने पुसू नका. काय चालतं आणि काय चालत नाही, ते एकेक करून तपासा. आमच्या कपाळावर काय लिहिलं आहे ते वाचा. बहुतेक वेळा आम्ही ते सांगतच असतो. आणि आम्हाला कोणाच्या हाती दिलंत, तर नंतर आम्ही कोणत्या अवस्थेत परत येतो तेही एकदा पाहत जा.

शेखरचे फोन अजून येतात. पहिल्याच सिमवर येतात. घंटा वाजते, नाव उजळतं, गुरुजी मला समोर धरून त्या नावाकडे पाहत राहतात. उचलत नाहीत, कापतही नाहीत. मी शेवटपर्यंत वाजतो, मोठ्याने आणि स्पष्ट. माझ्यात काही बिघाड नाही.